पिशव्या घरी, आपण बाजारात

परवा आठवडी बाजारात माझी चांगलीच फजिती झाली. मेथी, गवार, टोमॅटो आणि आलं-मिरची असा सगळा ऐवज चार पातळ पिशव्यांत लटकवून मी घराकडे निघाले होते. मागून हाक आली, “काय हो ताई, आज तुमचीच पिशवी कुठाय?” वळून बघते तर आमच्या बचतगटातली मैत्रीण. दोनच आठवड्यांपूर्वी तिच्या गल्लीत मी प्लास्टिक या विषयावर पाऊण तास तोंडाची वाफ दवडून आले होते. “अगं, विसरले,” म्हटलं. ती हसली. मीही हसले, पण घरी येईपर्यंत कानशिलं गरम होती.

घरी आल्या आल्या कपाट उघडलं आणि कापडी पिशव्या मोजल्या. १७ निघाल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून मिळालेल्या ५, साडीच्या दुकानांच्या ४, कुठल्याशा पतसंस्थेच्या २, कोणाच्या तरी मुंजीतली १ आणि जुन्या साड्यांच्या मी स्वतः शिवून घेतलेल्या ५. एवढ्या पिशव्या घरी आणि मी बाजारात रिकाम्या हातानं! मैत्रिणींनो, तुमचंही कपाट एकदा उघडून बघा. फार वेगळं निघणार नाही.

म्हणजे पिशव्यांची टंचाई नाही. माहितीचीही नाही. गायीच्या पोटात प्लास्टिक जातं, गटारं तुंबतात, जाळलं तर विषारी धूर होतो, हे चौथीतलं पोरगंसुद्धा घडाघडा सांगेल. मग घोडं अडतं कुठं?

कायद्यांचीही कमतरता नाही. २६ जुलै २००५ ला मुंबई पाण्याखाली गेली, तेव्हा तुंबलेल्या गटारांचं खापर पिशव्यांवर फुटलं आणि २००६ च्या नियमांनी राज्यात ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना बंदी झाली. मग २३ मार्च २०१८ ची अधिसूचना आली आणि तीन महिन्यांनी, २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. पहिल्यांदा सापडलात तर ५ हजार रुपये दंड, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि वर तीन महिन्यांपर्यंत कैद. १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारनं स्ट्रॉ, चमचे, कप, थाळ्या अशा एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर देशभर बंदी घातली. आणि आमच्या मंगळवारच्या बाजारात मात्र परवा मला चार पिशव्या न मागता मिळाल्या.

२०१८ चा तो पावसाळा मला चांगला आठवतो. गावात भीतीच पसरली होती. लोकांनी माळ्यावरच्या वायरच्या पिशव्या काढल्या, मटणवाल्याकडे माणसं डबे घेऊन जायला लागली. आम्हा बायकांना वाटलं, झालं, गाव सुधारलं! दिवाळीपर्यंत सगळं पूर्वपदावर आलं. आता पथक येणार असलं की बाजाराच्या तोंडाशी कोणीतरी शिट्टी घालतं, मिनिटभरात सगळ्या पिशव्या ताडपत्रीखाली जातात आणि पथकाची गाडी वळली की पुन्हा वर येतात.

माझ्या नेहमीच्या भाजीवाल्या मावशींना मी एकदा छेडलं होतं. त्या म्हणाल्या, “ताई, ही पिशवी काय मला फुकट येते का? पण मी नाही म्हटलं, तर गिऱ्हाईक पलीकडच्या पाटीवर जातं. सगळ्यांचं एकदम बंद करा, मी पहिली बंद करते.” मला तेव्हा वाटलं, ही पळवाट आहे. आता वाटतं, मावशी माझ्यापेक्षा शहाण्या आहेत. एकटीनं चांगलं वागायचं आणि तोटाही एकटीनंच सोसायचा, असं जिथं असतं, तिथं चांगुलपणा टिकत नाही.

आयर्लंडमध्ये ४ मार्च २००२ पासून दुकानातल्या प्रत्येक प्लास्टिकच्या पिशवीवर १५ सेंटचा कर लावला. ना बंदी, ना कैद. नुसते १५ सेंट, म्हणजे तिथल्या माणसाला अगदीच किरकोळ. पण तिथला पिशव्यांचा वापर ९० टक्क्यांहून जास्त घटला. आपला ५ हजारांचा दंड याच्या कितीतरी पट मोठा, मग त्याचा वचक का राहत नाही? माझ्या मते गोम अशी आहे की ५ हजारांचा दंड कधीतरी, कोणाला तरी होतो. ते १५ सेंट आत्ता, मला, रांगेतल्या चार माणसांदेखत मोजावे लागतात. आणि दुकानदारालाही गिऱ्हाईक पळण्याची धास्ती नाही, कारण शेजारच्या दुकानातही तेच.

आपल्या २०१८ च्या अधिसूचनेतही असाच एक शहाणा विचार होता. दुधाच्या पिशवीवर निदान ५० पैसे परतीचे छापायचे आणि पिशवी परत केली की ते पैसे द्यायचे. मला फार आवडलं होतं ते. पण आमच्या गावात ते ५० पैसे हातावर ठेवणारा दुकानदार मला आजवर भेटलेला नाही.

आता जरा माझ्याच चुकांकडे येते.

आमचं सहा-सात जणींचं मंडळ. दोन वर्षांपूर्वी आम्ही ओला-सुका कचरा वेगळा करण्याची मोहीम काढली. रोज संध्याकाळी सहाला, वरणाचा कुकर उतरवून, आम्ही घरोघरी फिरायचो. पत्रक मीच लिहिलं होतं. त्यात ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘आपल्या प्रभागात बहुतेक घरं कचरा एकत्रच टाकतात. ही लाजिरवाणी गोष्ट आहे!’ भाषणातही हाच सूर. लोकांना काही पडलेली नाही, कोणीच करत नाही, आपल्या लोकांना शिस्तच नाही. बोलताना मला फार बरं वाटायचं. ऐकणारी माणसं मानही डोलवायची. महिन्याभरानं बघितलं, तर कचरा जसाच्या तसा.

माझी लेक पुण्यात मानसशास्त्र शिकते. दिवाळीत घरी आली, ते पत्रक वाचलं आणि म्हणाली, “आई, तू तर लोकांना कचरा एकत्र टाकायला शिकवते आहेस.” मी चिडलेच. बी.ए.ला माझाही मानसशास्त्र विषय होता, पण आम्ही नोट्स पाठ करून पास झालो. तिनं मग मला फराळाचं ताट पुढ्यात ठेवून वर्गच घेतला.

अमेरिकेत अॅरिझोना राज्यात एक राष्ट्रीय उद्यान आहे. लाखो वर्षांत दगड झालेलं लाकूड तिथं पसरलेलं आहे आणि येणारे पर्यटक त्याचे तुकडे खिशात घालून नेतात. रॉबर्ट सियाल्डिनी नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथं दोन तऱ्हेच्या पाट्या लावून बघितल्या आणि वाटेवर खुणा केलेले तुकडे ठेवले. एका पाटीचा मतलब असा, की आजवर पुष्कळ पर्यटकांनी लाकूड नेलं, त्यामुळे उद्यानाची रया गेली. दुसरीवर साधी विनंती, कृपया लाकूड नेऊ नका. पहिल्या पाटीच्या वाटेवरून जवळजवळ ८ टक्के तुकडे चोरीला गेले, दुसरीवरून २ टक्केसुद्धा नाहीत. पुष्कळ लोक नेतात म्हणताय ना, मग मी एक नेला तर काय बिघडलं! माझं पत्रक त्या पहिल्या पाटीचीच सख्खी बहीण होती.

तिनं सांगितलेला दुसरा किस्सा हॉटेलांतल्या टॉवेलांचा. टॉवेल रोज धुवायला न टाकता पुन्हा वापरावा म्हणून खोलीत कार्ड ठेवलेलं असतं. पर्यावरणासाठी एवढं करा, असं लिहिलं तर शंभरातल्या ३५ पाहुण्यांनी ऐकलं. इथले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात, असं लिहिलं तर ४४ जणांनी. आणि याच खोलीत आधी उतरलेल्या बहुतेकांनी असं केलं, असं सांगितलं, तेव्हा तर जवळपास निम्म्या लोकांनी. २००८ साली हा अभ्यास छापून आला. त्या खोलीत आधी कोण राहिलं होतं, काळं की गोरं, कोणालाच माहीत नाही. तरी आपल्या जागी होता तो माणूस आपला वाटतो.

मला सगळ्यात मजा वाटली ती कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावाची. वीज कमी वापरा म्हणून दारांवर वेगवेगळे कागद अडकवले. काही घरांना सांगितलं पर्यावरण वाचवा, काहींना पैसे वाचवा, काहींना पुढच्या पिढीचा विचार करा आणि काहींना फक्त एवढंच, की तुमचे शेजारी वीज वाचवतात. सगळ्यात जास्त बचत शेजाऱ्यांचं नाव घेतलं त्या घरांत झाली. आणि गंमत बघा, लोकांना आधी विचारलं होतं की तुम्ही वीज का वाचवता, तेव्हा शेजाऱ्यांचं कारण त्यांनी सगळ्यात शेवटी टाकलं होतं. आपण कोणाचं बघून काही करतो हे कबूल करायला कोणाला आवडतं? पण समोरच्या दारात सुंदर रांगोळी दिसली की आपणही ठिपके वाढवतोच की नाही?

त्याच गावातल्या आणखी एका प्रयोगातली एक मेख मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. जी घरं आधीच वीज कमी वापरत होती, त्यांना ‘तुम्ही शेजाऱ्यांपेक्षा कमी वापरता’ हे कळल्यावर त्यांचा वापर वाढला! पण आकड्याशेजारी नुसता एक हसरा चेहरा काढून पाठवला, तर वाढला नाही. एवढीशी शाबासकी. आपल्या घरांतून भाकरी चांगली झाली तर कोणी बोलत नाही, करपली तर सगळं घर बोलतं. समाजकार्यातही आम्ही तेच करतो. करणाऱ्यांना गृहीत धरतो आणि न करणाऱ्यांवर डाफरतो.

मग आम्ही जुनी पत्रकं रद्दीत टाकली. घंटागाडीवरच्या ताईंना बरोबर घेतलं आणि एका गल्लीतली ३८ घरं आठवडाभर नुसती बघितली. कोणाला काही बोलायचं नाही, असं ठरवलं होतं (मला ते किती जड गेलं, ते आमच्या मंडळातल्या जणींना विचारा). तर काय, ‘कोणीच करत नाही’ म्हणणाऱ्या मला ११ घरं अशी दिसली, की ती आधीपासूनच कचरा वेगळा देत होती. गुपचूप. त्यातल्या दोघी तर माझ्या भाषणात पुढच्या रांगेत मान खाली घालून बसलेल्या होत्या.

नवीन पत्रकावर एवढंच लिहिलं, ‘आपल्या गल्लीतली ११ घरं कचरा वेगळा देतात.’ दर महिन्याला आकडा बदलायचा. ११ चे १५ झाले, १५ चे २०. आता गंमत अशी की ३८ मध्ये ११ म्हणजे काही बहुमत नव्हे. पण आकडा वाढतोय म्हटलं की माणसाला मागे राहावंसं वाटत नाही. शिवाय घंटागाडीवरच्या ताई वेगळा कचरा देणारीला आवर्जून म्हणायच्या, “बरं केलंत बाई, आज हाताला काच नाही लागली.” मी तुम्हाला खरं सांगते, माझ्या दोन वर्षांच्या भाषणांना या एका वाक्याची सर नाही. चौथ्या महिन्यात २४ घरं झाली.

आणि मग एके दिवशी गल्लीतल्या मुलांनी येऊन सांगितलं, कोपऱ्यावर गाडीत दोन्ही कचरे एकत्र ओततात. मी जाऊन बघितलं. खरं होतं. गाडीतला मधला पत्रा तुटलेला, तो दुरुस्त करायला कोणाला वेळ नव्हता. ताईंचा त्यात काय दोष? पण आठवड्यात ५ घरांनी वेगळं करणं सोडून दिलं आणि त्यांना मी काही बोलू शकले नाही. सकाळच्या घाईत एक बाई दोन डबे सांभाळते आणि कोपऱ्यावर त्याचा काला होतो. तिनं का करावं? शिक्षण, शिस्त, संस्कार हे शब्द आपण लोकांसाठी भराभर वापरतो. तुटलेल्या पत्र्यासाठी आपल्याकडे शब्दच नसतो. पत्रा बसवून घ्यायला आम्ही तीन महिने अर्ज घेऊन हेलपाटे घातले. बसला एकदाचा.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले, ती सांगते. आमच्या समोरच्या वहिनी. त्या पहिल्या मोहिमेत मी त्यांना चार बायकांसमोर बोलले होते, “वहिनी, तुम्ही शिकलेल्या असून दुधाची पिशवी तशीच कचऱ्यात टाकता? शोभतं का?” त्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि त्या दिवसापासून आमच्याकडे येणं बंद. वाटीची देवाणघेवाण बंद. मला वाटलं, खरं बोललं की राग येतोच लोकांना.

मध्यंतरी त्यांच्या सासूबाई गेल्या. भेटायला गेले, तेव्हा दीड वर्षानं त्यांच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं. सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. रोजचे डायपर, धुणं, पुसणं. आमच्या गावात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, हे काय मला माहीत नव्हतं? त्या शांतपणे म्हणाल्या, “ताई, तेव्हा दुधाची पिशवी धुवायला मी पाणी कुठून आणू, एवढं तुम्ही एकदा विचारलं असतंत, तर बरं वाटलं असतं.”

गावोगाव हागणदारीमुक्तीच्या काळात ‘गुड मॉर्निंग’ पथकं निघायची, आठवतं? पहाटे टमरेल घेऊन निघालेल्या माणसाला अडवायचं, कधी गुलाबाचं फूल द्यायचं, कधी दंड करायचा. त्यात अवघडून मान खाली घालून उभी राहणारी बाई बघून मला फार संताप यायचा. घरात संडास बांधायचे पैसे तिच्या हातात नसायचे, लाज मात्र तिच्या वाट्याला. आणि मी समोरच्या दारात जाऊन दुसरं काय केलं होतं? पर्यावरणाचं बहुतेक काम शेवटी बाईच्याच ओट्यावर येऊन पडतं. पिशव्या शिवा, पिशव्या धुवा, ओलं वेगळं, सुकं वेगळं, खताचा डबा ढवळा. मोटारसायकलवरून बाजार करून येणारे आमचे ‘हे’ आठ पिशव्या घेऊन येतात, त्यांना कोणी पत्रक देत नाही. (त्यांच्या गाडीच्या डिकीत मी आता दोन पिशव्या घडी करून ठेवल्या आहेत. न सांगता वापरतात. सांगितलं असतं तर वापरल्या नसत्या.)

माझ्या स्वतःच्या विसरभोळेपणावरही लेकीनं उपाय सांगितला. ‘मी पिशवी नेईन’ असा नुसता निश्चय टिकत नाही. कधी आणि कुठं, ते आधीच्या एखाद्या सवयीला बांधून ठेवावं, असं पीटर गॉलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं सांगणं आहे. चपला काढायला गेले की पिशवी घ्यायची, असं मी ठरवलं आणि १७ पैकी ४ पिशव्या चपलांच्या मांडणीच्या खिळ्याला आणून टांगल्या. कपाटातल्या पिशवीसाठी आठवण लागते, खिळ्यावरची डोळ्यांना दिसते. गेल्या तीन मंगळवारांत एकदाच विसरले.

पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेनं ‘रेड डॉट’ नावाची मोहीम चालवली होती. सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळायचे आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे कचरा हाताळणाऱ्या बाईला न उघडता कळतं. पाणी नको, पैसा नको. हे मला आधी माहीत असतं आणि मी वहिनींकडे उपदेशाऐवजी लाल पेन घेऊन गेले असते तर! नुसतं ‘नको’ म्हणण्यापेक्षा हाताला दुसरं काहीतरी द्यावं, हे आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं फार आधी ओळखलं होतं. होळी बंद करा म्हटलं असतं तर लोक अंगावर आले असते. त्यांनी म्हटलं, होळी लहान करा, पोळी दान करा. लोक पोळ्या घेऊन आले.

दुधाच्या पिशवीचं उत्तर तर शेवटी मला वहिनींनीच दिलं. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, लटकता ठेवायचा, कारण तो इवलासा तुकडाच गटारात जातो. मग चहाचं आधणाचं पाणी पिशवीत फिरवून भांड्यात ओतायचं. वेगळं पाणी लागत नाही, दुधाचा थेंब वाया जात नाही. ओली पिशवी ओट्यामागच्या फरशीला चिकटवून दिली की संध्याकाळी वाळून आपोआप खाली पडते. महिन्याच्या पिशव्या भंगारवाला किलोवर घेतो. हे त्या त्यांच्या आईकडे लहानपणापासून बघत आल्या होत्या. सासूबाईंच्या आजारपणात तेवढं राहून गेलं होतं.

गेल्या रविवारी नवीन पत्रकाचा आकडा लिहीत बसले होते, १९ वर आला होता. वहिनी वाटीभर साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या. पत्रक बघितलं आणि विचारलं, “यात आमचं घर धरलंय का?”

“नाही अजून,” मी म्हटलं.

“मग धरा की.”

मी १९ खोडून २० केले.